कवळाण्याचे सयाजीराव महाराज

नाशिक जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत कवळाणें नांवाचें एक खेडें आहे. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं गांवें जशीं आहेत तसेंच हेंही. पावसाकडे डोळे लावून शेती करावी आणि पिकेल त्यावर वर्ष काढावें, असें तेथील कुणब्यांचें जुनें जिणें. या गांवीं एका शेतकरी मराठा घरांत ता. ११ मार्च १८६३ रोजीं गोपाळ नांवाचा मुलगा जन्मास आला. तोच पुढें बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड या नांवानें सर्व हिंदुस्थानांत प्रसिद्ध झाला आणि त्रेसष्ट वर्षें गादीवर राहिला.

राजवाडे, हत्ती व जवाहीर यांच्या कथा ऐकण्यास मनुष्यास आवडतें. परंतु त्यासाठीं हें चरित्र येथें देत नाहीं. ज्याच्या हातीं सत्ता व संपत्ति येते त्यानें तिचें काय करावें, आणि सत्तेनें जें होत नाहीं तें कोणी करावें, हे दोन प्रश्न या चरित्रांत स्पष्ट दिसतात. पहिल्याचें उत्तर महाराजांनीं आपल्या आयुष्यानें दिलें. दुसऱ्याचें उत्तर देण्याचें काम तुम्हांआम्हांकडे उरलें आहे.

जन्म व दत्तविधान

गोपाळाचे वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेचे होते. राजाशीं नातें होतें खरें, पण त्या नात्यानें घरांत दाणा येत नसे. शेत कसावें तेव्हां भाकर मिळावी अशी स्थिति होती. आनंदराव हा थोरला भाऊ व संपतराव हा धाकटा. तिघांपैकीं कोणासही त्या वेळीं राज्याचें स्वप्न पडलें नसेल.

इकडे बडोद्यास खंडेराव महाराज १८७० सालीं वारले व त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर बसले. त्यांच्या कारकीर्दींत उधळपट्टी व जुलूम यांनीं रयत त्रासून गेली. पुढें इंग्रज रेसिडेंटास विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप त्यांजवर आला. चौकशी करणाऱ्या मंडळांतील युरोपियन व हिंदी सभासदांचें एकमत झालें नाहीं. तरी गैरकारभाराचें कारण देऊन सरकारनें १८७५ च्या एप्रिल महिन्यांत त्यांस पदच्युत केलें. मग खंडेरावांची विधवा राणी जमनाबाई यांस कुळांतील एक मुलगा दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. शोध करितां करितां तो कवळाण्यापर्यंत येऊन पोहोंचला, आणि काशीराव आपल्या तिन्ही मुलांस घेऊन बडोद्यास गेले.

तेथें मुलांस येण्याचें कारण विचारलें असतां बाकीच्यांनीं कांहीं तरी उत्तर दिलें, परंतु गोपाळानें आपण राज्य करावयास आलों आहों असें न भितां सांगितलें, अशी गोष्ट लोक अजून सांगतात. राणीची निवड त्याच्यावरच पडली. ता. २७ मे १८७५ रोजीं दत्तविधान होऊन त्याचें नांव सयाजीराव ठेवण्यांत आलें. काल जो गुरांमागें हिंडत होता तो आज वीस लाख लोकांचा धनी ठरला.

विद्याभ्यास

त्या वेळीं सयाजीरावांचें वय बारा वर्षांचें होतें, आणि त्यांस लिहितांवाचतां येत नव्हतें. ज्या वयांत इतर राजपुत्र दोन तीन भाषा बोलतात त्या वयांत हा मुलगा मुळाक्षरें गिरवूं लागला. एलियट नांवाचे इंग्रज गृहस्थ त्यांचे गुरु नेमले गेले. मराठी, गुजराथी, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकावयाच्या होत्या. राज्याचे दिवाण सर टी. माधवराव यांनीं राज्यकारभार कसा करावा याविषयीं त्यांस व्याख्यानें दिलीं. राजा हा रयतेचा मालक नव्हे, तर तिच्या कल्याणाचा विश्वस्त होय, ही गोष्ट या काळांत त्यांच्या मनावर चांगली ठसली.

उशिरा शिकावयास लागलेल्या मनुष्यास विद्येची किंमत जशी कळते तशी ती लहानपणीं आयती मिळालेल्यास क्वचितच कळते. आपल्या उपदेशकांमध्येंही असे कित्येक आहेत कीं ज्यांनीं मोठेपणीं पाटी हातीं घेतली. त्यांस महाराजांच्या पुढील आयुष्याचें मूळ कोठें होतें हें सांगावयास नको. ता. २८ डिसेंबर १८८१ रोजीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यांस राज्याचा पूर्ण अधिकार मिळाला.

शाळांचें कार्य

बडोद्याचें राज्य सुमारें आठ हजार चौरस मैलांचें होतें. बडोदें, कडी, नवसारी व अमरेली असे त्याचे चार मोठे प्रांत गुजराथ व काठेवाड यांमध्यें तुटक तुटक पसरलेले होते. राजा मराठी, रयत बहुतेक गुजराथी. महाराजांनीं प्रांतांत फेऱ्या काढिल्या, गांवोगांव रयतेची स्थिति पाहिली, आणि अज्ञान हेंच सर्व दारिद्र्याचें मूळ आहे असा त्यांचा निश्चय झाला.

अधिकार हातीं आल्यावर पहिल्या एक दोन वर्षांतच, म्हणजे १८८२-८३ च्या सुमारास, त्यांनीं अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीं सरकारी खर्चानें शाळा उघडल्या. फी नाहीं, पुस्तकें व पाट्या फुकट. परंतु हुकूम काढणें सोपें होतें. शिक्षक मिळणें कठीण होतें. त्या मुलांस शिकवावयास जाण्यास वरच्या जातींचे शिक्षक तयार होईनात. तेव्हां मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि पुढें १९०८ सालीं आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांस बोलावून त्यांजकडे हें काम सोंपविण्यांत आलें. या मुलांसाठीं वसतिगृहें निघालीं व हुशार मुलांस शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या. रानांत राहणाऱ्या जातींसाठीं नवसारी प्रांतांत सोनगड येथें अन्नवस्त्रासह राहण्याची व शिकण्याची सोय करण्यांत आली.

दुसरें मोठें काम सक्तीच्या शिक्षणाचें. १८९३ सालीं अमरेली तालुक्यांतील दहा गांवीं महाराजांनीं हा प्रयोग सुरू केला. ठराविक वयाच्या प्रत्येक मुलास व मुलीस शाळेंत पाठविलेंच पाहिजे, न पाठविणाऱ्या आईबापांस दंड, आणि शिक्षण मात्र मोफत, असा तो नियम होता. गरीब शेतकऱ्यास तो प्रथम जाचक वाटला, कारण गुरें राखावयास व धाकट्या भावंडास संभाळावयास मूलच लागे. तरीही तेरा वर्षें धीरानें प्रयोग चालवून १९०६ सालीं महाराजांनीं सर्व राज्यास तो कायदा लागू केला. त्या वेळीं इंग्रजी मुलुखांत असें कांहीं नव्हतें. १९११ सालीं नामदार गोखले यांनीं वरिष्ठ कौन्सिलांत प्राथमिक शिक्षणाचें बिल आणिलें तेव्हां त्यांनीं बडोद्याचें उदाहरण पुढें ठेविलें; पण तें बिल पुढील वर्षीं नामंजूर झालें. सर्व भारतांत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला. कवळाण्याच्या मुलानें जें १९०६ सालीं केलें तें सर्व देशास करावयास आणखी शंभरावर वर्षें लागलीं.

गांवोगांव पुस्तकें

शाळा सोडल्यावर मुलगा नांगरामागें गेला कीं चार वर्षांत शिकलेलें विसरतो, हा अनुभव आपल्या प्रत्येक शाळामास्तरास आहे. महाराजांच्याही तो लक्षांत आला. म्हणून १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेहून बोर्डन नांवाचे या कामांतले जाणते गृहस्थ आणविले व बडोद्यास मोठें मध्यवर्ती पुस्तकालय स्थापिलें. पण शहरांतल्या पुस्तकालयाचा खेड्यास काय उपयोग? यासाठीं फिरतीं पुस्तकालयें निघालीं. लांकडी पेट्यांत पुस्तकें भरून त्या गांवोगांव पाठवीत. एका गांवानें वाचून झालीं कीं दुसरी पेटी येई. ज्या गांवास आपलें स्वतःचें पुस्तकालय पाहिजे असे त्यानें कांहीं रक्कम वर्गणीनें जमवावी, म्हणजे तितकीच सरकार देई व तितकीच प्रांताची पंचायत देई. नुसत्या दानानें गांव आळशी होतो. ओझ्याचा आपला वांटा त्यानें उचलला तर त्या वस्तूचा त्यास जिव्हाळा वाटतो, हें महाराजांनीं ओळखलें होतें. मंडळीच्या वर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें.

मराठी भाषेसही ते विसरले नाहींत. उपयुक्त ग्रंथ मराठींत व गुजराथींत आणविण्यासाठीं त्यांनीं द्रव्य दिलें, आणि १९३२ सालीं कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हस्तकौशल्य शिकविण्यासाठीं १८९० सालीं निघालेलें कलाभवन व १९०८ सालीं स्थापन झालेली बडोदा बँक हीं त्यांच्याच कारकीर्दींतलीं.

छपन्नचा दुष्काळ

१८९९ सालीं पाऊस गेला. गुजराथेंत त्या दुष्काळास विक्रम संवतावरून छपन्नचा दुष्काळ म्हणतात. गुरें मेलीं, विहिरी आटल्या, अन्नामागून पटकी आली. १८९१ सालीं बडोदें राज्याची वस्ती चोवीस लाखांवर होती. १९०१ च्या खानेसुमारींत ती साडेएकोणीस लाख भरली. या आंकड्यांत किती घरांचा आक्रोश आहे याचा विचार वाचकांनींच करावा. महाराज स्वतः दुष्काळी भागांत हिंडले, लोकांची स्थिति डोळ्यांनीं पाहिली, आणि त्या प्रवासांत जें दिसलें तें लिहून पुढें पुस्तकरूपानें छापविलें. लोकांस कामें दिलीं, सारा सोडला, तगाई दिली. तरीही इतकीं माणसें गेलीं. दुष्काळापुढें राजाचा हातही किती तोकडा पडतो, हें त्या वर्षीं दिसून आलें.

कायदे आणि त्यांची मर्यादा

१९०२ सालीं विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याचा आधार मिळाला. १९०४ सालीं बालविवाहाच्या बंदीचा कायदा झाला; मुलीचें वय निदान बारा व मुलाचें सोळा असावें असें त्यांत ठरलें. १९१५ सालीं पुरोहितांनीं परीक्षा देऊनच धंदा करावा असा कायदा आला. १९३१ सालीं हिंदु स्त्रीस घटस्फोटाचा मार्ग खुला झाला. महाराणी चिमणाबाई यांनींही स्त्रियांच्या उन्नतीस पुष्कळ हातभार लाविला. १९२७ सालीं पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

परंतु बालविवाहाचा कायदा झाला म्हणून बालविवाह थांबले नाहींत. कित्येक आईबाप दंडाचे पैसे लग्नाच्या खर्चांतच धरीत आणि लग्न लावून मोकळे होत. सरकारी खजिन्यांत दंड जमा झाला. मुलगी मात्र सासरीं गेली.

महाराजांमध्यें दोष नव्हते असें नाहीं. ज्या काळांत रयत कष्टांत होती त्याच काळांत लक्ष्मीविलास नांवाचा प्रचंड राजवाडा बांधून झाला. प्रकृतीच्या कारणानें ते वारंवार युरोपास जात व बराच काळ राज्याबाहेर राहत. त्याबद्दल त्यांच्यावर टीका होई. मनुष्याचें चरित्र सांगतांना ही बाजू झांकून ठेवूं नये.

एका विद्यार्थ्याची गोष्ट

आतां जी हकीकत सांगावयाची ती या चरित्राचें मर्म आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत महार जातीचा एक हुशार विद्यार्थी शिकत होता. महाराजांनीं त्यास दरमहा पंचवीस रुपये शिष्यवृत्ति दिली. तो पदवीधर झाल्यावर १९१३ सालीं त्यास राज्याच्या खर्चानें अमेरिकेंत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें. हे विद्यार्थी म्हणजेच डॉ. भीमराव आंबेडकर. परत आल्यावर बडोद्याची नोकरी करावी असा करार होता, व त्याप्रमाणें ते १९१७ सालीं बडोद्यास आले.

पुढें काय झालें तें डॉ. आंबेडकरांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. राहावयास जागा मिळेना. सरकारी बंगल्यासाठीं केलेला अर्ज कचेरींत पडून राहिला. शेवटीं एका पारशी धर्मशाळेंत पारशी नांव लावून ते उतरले. वरच्या मजल्यावर अडगळीचें सामान, रात्रीं मिणमिणता दिवा, दुसरें माणूस नाहीं. अकराव्या दिवशीं डझनभर पारशी लाठ्या घेऊन आले व संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास त्यांनीं बजावलें. ज्यास महाराजांनीं समुद्रापार पाठवून विद्वान केलें त्यास महाराजांच्याच राजधानींत निवारा राहिला नाहीं.

त्या दिवशीं ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदु होता. त्यानें आपले नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. दुसरा ख्रिस्ती होता. त्यानें बायको उद्यां येणार आहे, तिला विचारून सांगतों, असें म्हणून वेळ मारून नेली. तें घराणें मूळचें ब्राह्मण; नवऱ्याचें मन बदललें होतें, पण बायकोची सोंवळ्याची समजूत गेली नव्हती, हें डॉ. आंबेडकरांस मागाहून कळलें. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंतचे पांच तास त्यांनीं कामाठी बागेंत बसून काढिले. आज लोक त्या जागेस संकल्पभूमि म्हणून भेट देतात.

प्रिय वाचकहो, या हकीकतींतील तिसरें दार कोणाचें होतें तें विसरूं नका. हिंदूंस किंवा पारशांस दोष देणें सोपें आहे. परंतु जेथें जातिभेद नाहीं असें आपण सांगतों त्या घराचें दारही उघडलें नाहीं. त्या घरांतील माणसें दुष्ट होतीं असें डॉ. आंबेडकरांनींही म्हटलेलें नाहीं. जुनी समजूत चुलीपाशीं व पाण्याच्या माठापाशीं शेवटपर्यंत टिकून राहते, एवढेंच त्यावरून दिसतें. उपासनेच्या वेळीं एका सतरंजीवर बसणारीं माणसें लग्न जमवितांना पूर्वीच्या जातीची चौकशी करितात कीं नाहीं, आणि दूरच्या गांवचा पाहुणा आल्यास त्यास आंत घेतात कीं ओट्यावरच पाणी देतात, याचें उत्तर ज्याचें त्यानें आपल्या मनाशीं द्यावें.

शेवटचीं वर्षें

महाराजांनीं या कामांतून माघार घेतली नाहीं. १९१८ च्या मार्च महिन्यांत मुंबईस अस्पृश्यतानिवारणासाठीं अखिल भारतीय परिषद भरली तिचें अध्यक्षस्थान त्यांनीं स्वीकारलें. १९३२ सालीं कोसंबा येथें ग्रामसुधारणेचें केंद्र निघालें. १९३३ सालीं जातीच्या पंचायतींचा जुलूम बंद करण्यासाठीं कायदा झाला. १९३६ सालीं त्यांच्या कारकीर्दीचा हीरक महोत्सव झाला तेव्हां खेड्यांतील गरिबांच्या उन्नतीसाठीं त्यांनीं मोठा निधि काढिला.

घरांत मात्र सुख थोडें होतें. पहिली राणी १८८५ सालीं वारली. चार पुत्रांपैकीं फत्तेसिंहराव, शिवाजीराव व जयसिंहराव हे तिघे बापाच्या हयातींतच गेले. स्वतःस निद्रानाशाचा व संधिवाताचा विकार. असें असतां त्यांनीं नित्याचें काम सोडलें नाहीं. ता. ६ फेब्रुवारी १९३९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला, व नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. दहा वर्षांनीं, १९४९ सालीं, बडोदें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. त्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें विद्यापीठ बडोद्यास स्थापन झालें व तें आजही चालू आहे. गादी गेली, शाळा राहिली.

आणि तो विद्यार्थी? १९३० सालीं याच नाशकांत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं सत्याग्रह सुरू झाला तो त्याच्या पुढारीपणाखालीं. १९३५ सालीं येवल्यास, म्हणजे आपल्याच जिल्ह्यांत, त्यानें धर्मांतराचा निश्चय जाहीर केला. स्वतंत्र भारताच्या घटनेच्या मसुदा समितीचा तो अध्यक्ष झाला, आणि त्या घटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता बंद झाली. बडोद्याच्या खजिन्यांतून दरमहा निघालेले पंचवीस रुपये असे फळास आले.

यावरून दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही कीं, दान थोडें असलें तरी तें योग्य वेळीं योग्य मुलाच्या हातीं पडलें तर त्याचें फळ किती मोठें होईल हें देणाऱ्यासही कळत नाहीं. आपल्या गांवांत एखादें पोर शिकावयास उत्सुक असेल, तर मंडळीनें त्याच्या वह्यापुस्तकांची काळजी घ्यावी. त्याची जात व त्याचें कुळ पाहूं नये. दुसरी ही कीं, राजानें शाळा उघडली, कायदा केला, विलायतेचें तिकीट काढून दिलें. पण घराचा उंबरठा त्याच्या ताब्यांत नव्हता. तो घरधनी व घरधनीण यांच्या ताब्यांत असतो. येत्या आठवड्यांत कोणी परका, कोणी हलका मानलेला मनुष्य आपल्या दाराशीं आला, तर त्यास आंत बोलवावें, आपल्या माठांतलें पाणी द्यावें, आपल्या ताटाशेजारीं ताट मांडावें. बडोद्याच्या महाराजांस जें करितां आलें नाहीं तें आपल्या मंडळींतील सर्वांत गरीब विधवेसही करितां येईल.